गाडीला सिरॅमिक कोटिंग करायचं की सीलंट? पुण्यातल्या गाडीसाठी काय परवडतं?

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया. या मुहूर्तांना पुण्यातल्या शोरूमबाहेर नव्या गाड्यांची रांग लागते. किंमत ठरते, कर्ज मंजूर होतं, विमा निघतो आणि मग ऍक्सेसरीजची यादी समोर येते. त्या यादीत हमखास एक ओळ असते, ‘पेंट प्रोटेक्शन’. कुठे त्याला टेफ्लॉन म्हणतात, कुठे सीलंट, तर कुठे सिरॅमिक. दर दोन हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत काहीही असू शकतो. बारा-पंधरा लाख खर्च करून बसलेल्या माणसाला अजून पंचवीस हजार म्हणजे फार वाटत नाहीत आणि तो ‘करून टाका’ म्हणतो.

पण या पंचवीस हजारांत नेमकं काय मिळतं? दोन हजारांच्या सीलंटने भागलं असतं का?

थोडक्यात उत्तर असं की, सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं हे खरंच आहे. पण त्याचा फायदा गाडी कुठे उभी राहते, कोणत्या पाण्याने धुतली जाते आणि कोण पुसतं यावर अवलंबून असतो. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या, टँकरच्या पाण्याने रोज पुसल्या जाणाऱ्या गाडीवर महागडं कोटिंगही लवकर दम तोडतं. अशा गाडीला वर्षातून दोनदा केलेलं सीलंट बरं.

आता हे सगळं नीट समजून घेऊ.

आधी गाडीचा रंग म्हणजे काय ते बघू

चाकण किंवा पिंपरीच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो, थर असतात. पत्रा आधी रसायनाने स्वच्छ करून त्यावर फॉस्फेटचा थर देतात. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट.

हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे अख्खा रंग दोन केसांएवढा. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन.

गाडीची चमक या क्लिअर कोटमुळे दिसते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचं रक्षणही तोच करतो. जुन्या गाड्यांच्या छतावर आणि बॉनेटवर पांढरट, पापुद्रे सुटलेले चट्टे दिसतात, ते क्लिअर कोट संपल्याची खूण असते. एकदा तो गेला की पॉलिशने परत येत नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

वॅक्स असो, सीलंट असो की सिरॅमिक, सगळ्यांचं काम एकच, क्लिअर कोटच्या वर एक पातळ थर देणं. घाण आणि रसायनं आधी त्या थराला भिडावीत, क्लिअर कोटला नाही.

सीलंट म्हणजे काय?

पूर्वी गाडीला वॅक्स लावायचे. त्यातलं नावाजलेलं कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं. चमक सुरेख येते, पण ऊन आणि साबण यांच्यापुढे ते काही आठवडेच टिकतं.

सीलंट हा त्याचा कारखान्यात तयार झालेला भाऊ. यात कृत्रिम पॉलिमर असतात. ते रंगावर पसरून पातळ, गुळगुळीत थर तयार करतात. पाणी घरंगळून जातं, धूळ कमी चिकटते. नीट लावलं तर चार ते सहा महिने टिकतं. लावायला मोठं कौशल्य लागत नाही. धुतलेल्या, कोरड्या गाडीवर सावलीत लावायचं, थोडं सुकू द्यायचं आणि मऊ मायक्रोफायबर कपड्याने पुसून काढायचं. रविवारची एक सकाळ पुरते.

आपल्याकडे ‘टेफ्लॉन कोटिंग’ नावाने जे विकलं जातं, तेही बहुतेक वेळा याच जातीचं असतं. टेफ्लॉन हे पीटीएफई या प्लॅस्टिकचं व्यापारी नाव. नॉनस्टिक तव्यावर तेच असतं, पण तव्यावर ते पक्कं बसवायला फार मोठी उष्णता लागते, कारण पीटीएफई ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. गाडीच्या रंगाला एवढी उष्णता दिली तर रंगच जळेल. त्यामुळे ‘टेफ्लॉन’ केलेल्या गाडीवर तव्यासारखा थर बसलेला नसतो, पीटीएफईचे बारीक कण मिसळलेलं पॉलिश किंवा सीलंट लागलेलं असतं. ते वाईट नाही. पण त्याला सीलंटचाच दर द्यावा, सिरॅमिकचा नाही.

सिरॅमिक कोटिंग वेगळं कशात?

सिरॅमिक म्हटलं की कपबशी किंवा फरशी डोळ्यांसमोर येते. इथे तसं काही नसतं. बाटलीत एक द्रव असतो. त्यातली सिलिकॉनची संयुगं हवेतल्या ओलाव्याशी अभिक्रिया करतात आणि रंगाला घट्ट धरून काचेसारखा पातळ थर तयार करतात. काच ज्या सिलिकापासून बनते, त्याच कुळातला हा थर.

सीलंट रंगावर बसलेलं असतं, सिरॅमिक रंगाला चिकटून कडक होतं. म्हणून ते साध्या शाम्पूने निघत नाही, रसायनांना जास्त दाद देत नाही आणि एक ते पाच वर्षं टिकू शकतं. काढायचं असेल तर पॉलिशने घासूनच काढावं लागतं.

ही मजबुती काही अटींसह येते. खाली रंग जसा असेल तसाच तो कोटिंगखाली कैद होतो. चरे असतील तर चरे, डाग असतील तर डाग. म्हणून आधी गाडी धुऊन, क्ले बारने खरखर काढून, मशीनने पॉलिश करावी लागते. बिलातला मोठा भाग या मजुरीचा असतो, बाटलीचा नाही. शिवाय लावल्यावर पहिले २४ तास पाणी लागू द्यायचं नसतं आणि साधारण आठवडाभर शाम्पू टाळायचा असतो. पुण्यात जुलैमध्ये काम करून घेणार असाल, तर गाडी रात्रभर आत ठेवून घेणारं सेंटर आणि घरी छताखालची जागा, दोन्ही हवंच.

‘९एच’ म्हणजे चरे पडणार नाहीत का?

जाहिरातीत ‘९एच हार्डनेस’ ठळक लिहिलेलं असतं. हिऱ्याची कठीणता १० आणि याची ९, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे.

हिऱ्याचं माप ‘मोह्स’ या खनिजांच्या मोजपट्टीवर असतं. ‘९एच’ हे माप पेन्सिलीचं आहे. चित्रकलेच्या पेन्सिली एचबी, २बी, २एच अशा असतात, तीच ही मालिका. ९एच ही नेहमीच्या मालिकेतली सगळ्यात कडक पेन्सिल. ती ठरावीक दाबाने ओढूनही थरावर ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरची धूळ, वाळूचे कण आणि बांधकामाची कच पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असते.

जाडीही बघा. सिरॅमिकचा थर साधारण एक-दोन मायक्रॉनचा किंवा त्याहून पातळ असतो. म्हणजे केसाच्या पस्तिसाव्या भागाएवढा. पार्किंगमध्ये शेजारच्या ऍक्टिव्हाचं हँडल घासलं, मुलांनी सायकल टेकवली, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला, यातलं काहीही सीलंट थांबवत नाही आणि सिरॅमिकही थांबवत नाही. खड्यांपासून वाचायचं असेल तर पीपीएफ ही पारदर्शक फिल्म लागते. ती साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि तिची किंमतही त्याच मानाने जास्त असते. वरचेवर एक्सप्रेसवेने जाणारे लोक कधी कधी फक्त बंपर आणि बॉनेटला फिल्म लावून घेतात. तो शहाणा मधला मार्ग आहे.

पुण्यात रंगाचे खरे शत्रू कोण?

पहिला शत्रू म्हणजे पाणी. पावसाचं नव्हे, धुण्याचं. खडकवासला धरणसाखळीतून येणारं महापालिकेचं पाणी तुलनेने मऊ असतं. पण २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यांतल्या आणि शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्या आजही टँकर आणि बोअरवेलवर चालतात. काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी बरेचदा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. गीझरची कॉइल आणि नळाची जाळी पांढरी होते ती यांच्यामुळेच.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. समजा, तुमच्या बोअरच्या पाण्यात लिटरला १००० मिलिग्रॅम क्षार आहेत. गाडीवर एक लिटर पाणी तसंच वाळलं, तर एक ग्रॅम क्षार रंगावर राहिले. रोज असं झालं तर महिन्याला तीस ग्रॅम.

सिरॅमिकची मेख नेमकी इथे आहे. त्यावर पाण्याचे सुंदर टपोरे थेंब होतात. व्हिडिओत ते बघायला छान वाटतं. पण जड पाण्याचा थेंब उन्हात वाळला, तर त्याच्यातले सगळे क्षार एका छोट्या वर्तुळात जमा होतात आणि पांढरी गोल खूण राहते. गाडी लगेच पुसून कोरडी केली नाही, तर कोटिंग केलेल्या काळ्या गाडीवर हे डाग उलट जास्त उठून दिसतात. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून, हलक्या हाताने पुसून, लगेच धुतले तर बरेचदा जातात. जुने झाले की पॉलिश लागतं आणि पॉलिशसोबत कोटिंगही जातं.

दुसरा शत्रू झाडावर बसतो. कोरेगाव पार्क, प्रभात रस्ता, जंगली महाराज रस्ता या भागांतल्या जुन्या झाडांची सावली एप्रिलमध्ये देवासारखी वाटते. पण वडाची फळं खाणारे पक्षी खाली काय टाकतात ते सकाळी छतावर दिसतं. विष्ठेतलं आम्ल आणि ऊन मिळून क्लिअर कोटवर कायमचा ठसा उठवू शकतात. आंब्याच्या मोहरावरच्या तुडतुड्यांमुळे पडणारा चिकटाही तसाच हट्टी. इथे सिरॅमिक सीलंटपेक्षा सरस ठरतं, कारण ते रसायनाला जास्त वेळ थोपवतं. पण तो वेळ तासांत मोजायचा असतो, दिवसांत नाही. गाडी उन्हात उभी असेल तर विष्ठा त्याच दिवशी, ओल्या कपड्याने भिजवून, न घासता काढावी.

तिसरा शत्रू सगळ्यात जवळचा, तो म्हणजे फडकं. गाडीवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे रस्त्यावर पडत नाहीत, ते पार्किंगमध्ये पडतात. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या काकांकडे एक बादली, एक फडकं आणि तासाभरात पंधरा-वीस गाड्या असतात. पहिल्या चार गाड्यांची माती पाचव्या गाडीवर घासली जाते. यात काकांचा दोष नाही, त्यांना तेवढेच पैसे आणि तेवढाच वेळ मिळतो. पण या रोजच्या घासण्यापुढे सीलंट काही आठवड्यांत उतरतं आणि सिरॅमिकवरही चरे पडतात.

उपाय स्वस्त आहे. काकांना आपल्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर कपडे आणि वेगळी बादली द्या. रोज पुसण्याऐवजी एक दिवसाआड सांगा. ‘धूळ असेल तर आधी पाणी मारा, कोरडं पुसू नका’ एवढं सांगून पगारात शे-दोनशे वाढवा. गाडीच्या रंगासाठी यापेक्षा स्वस्त संरक्षण नाही.

शिवाय सण आहेतच. गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल गाडीवर पडला तर झटकू किंवा कोरडा पुसू नये, भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावा. नव्या गाडीच्या पूजेत बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात. ते उन्हात दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर रंगावर डाग राहू शकतो. पूजा झाली, पेढे वाटून झाले की त्याच दिवशी ओल्या कपड्याने हलकेच काढून घ्यावं. कोटिंग ठरलेलं असेल तर पूजा आधी आणि कोटिंग नंतर, हा क्रम सोयीचा.

पाच वर्षांचा हिशोब

दर सेंटरनुसार आणि गाडीच्या आकारानुसार बदलतात, म्हणून खालचे आकडे उदाहरणादाखल धरा.

– सीलंट बाहेरून: एका वेळचे २००० रुपये, वर्षातून दोनदा. पाच वर्षांचे २०,००० रुपये.
– सीलंट घरी: बाटली आणि कपडे मिळून वर्षाला १००० रुपये. पाच वर्षांचे ५००० रुपये आणि दहा रविवार.
– सिरॅमिक: सुरुवातीला २५,००० रुपये, पुढची चार वर्षं देखभालीचे वर्षाला २५०० रुपये. एकूण ३५,००० रुपये.

सिरॅमिक खरंच पाच वर्षं टिकलं तर फरक पंधरा हजारांचा. त्या बदल्यात गाडी लवकर धुतली जाते आणि चमक एकसारखी राहते. ज्यांना याची आवड आहे त्यांना तो फरक रास्त वाटेल. पण चुकीच्या धुण्याने ते दोन-अडीच वर्षांतच गेलं, तर पुन्हा पॉलिश आणि पुन्हा पंचवीस हजार. मग हिशोब पार बिघडतो.

मग कोणी काय घ्यावं?

*सिरॅमिक घ्या,* जर गाडी नवी असेल, छताखाली उभी राहत असेल, चार-पाच वर्षं तरी ठेवायची असेल आणि धुण्याची पद्धत तुमच्या हातात असेल. गडद रंगाच्या गाडीवर त्याचा परिणाम जास्त दिसतो.

*सीलंट घ्या,* जर गाडी रस्त्यावर किंवा झाडाखाली उभी राहत असेल, पाणी टँकरचं असेल, गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल किंवा रंगावर आधीच चरे असतील. पुण्याच्या हवेला दोन वेळा सोयीच्या आहेत. एक मे अखेर, पावसाच्या आधी आणि दुसरी दिवाळीच्या आसपास, पाऊस संपल्यावर.

*थांबा,* जर अपघातानंतर एखादा भाग नुकताच रंगवला असेल. गॅरेजमधला नवा रंग पूर्ण वाळायला काही आठवडे लागू शकतात. रंग करणाऱ्याला विचारूनच त्यावर कोटिंग करा. रंगवलेल्या भागावरचं जुनं कोटिंग गेलेलं असतं, हेही लक्षात ठेवा. त्याचा खर्च विम्यात बसतो का, ते विमा कंपनीला लेखी विचारा.

पैसे देण्याआधी हे विचारा

१. कोणत्या कंपनीचं, कोणतं उत्पादन? सीलबंद बाटली समोर उघडणार का?

२. कोटिंगआधी पॉलिश किती करणार? पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा झिजवणंच. नव्या गाडीला हलकं पॉलिश पुरतं. जाडी मोजणाऱ्या यंत्राने आधी आणि नंतर मोजून दाखवायला सांगा. चांगलं सेंटर याला नाही म्हणत नाही.

३. वॉरंटीत नेमकं काय? अनेक वॉरंटी कार्डांत पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा आणि चरे वगळलेले असतात आणि ठरावीक महिन्यांनी पैसे भरून देखभाल न केल्यास वॉरंटी रद्द होते. ‘पाच वर्षं’ हा आकडा या अटींसकट वाचा.

४. जीएसटीचं पक्कं बिल मिळेल का? त्यावर उत्पादनाचं नाव आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. सांगितलं एक आणि लावलं दुसरं असं निघालं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही मदत मिळते. दोन्हीकडे बिल हाताशी असलेलं बरं, नुसत्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

५. हे शोरूममध्येच करायची सक्ती आहे का? नाही. पेंट प्रोटेक्शन हा ऐच्छिक खर्च आहे. डिलिव्हरीच्या दिवशी घाईत ‘हो’ म्हणण्यापेक्षा दोन-तीन सेंटरचे दर काढून आठवड्याने ठरवलं, तर रंगाचं काही बिघडत नाही.

काहीही केलं तरी धुणं चुकत नाही

सीलंट असो की सिरॅमिक, पद्धत एकच. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवा. आधी नुसतं पाणी मारून माती वाहून जाऊ द्या. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, तिने सीलंट उतरतं. गाडीचा शाम्पू घ्या. एका बादलीत शाम्पू आणि दुसरीत कपडा खळबळायला साधं पाणी ठेवा. वरून खाली या, चाकं शेवटी आणि वेगळ्या कपड्याने. पाणी अंगावर वाळू न देता लगेच पुसून घ्या.

पाणीटंचाईच्या दिवसांत नळी लावून गाडी धुणं परवडणारंही नाही आणि बरंही नाही. दोन बादल्यांत गाडी स्वच्छ होते. पाणी घालायचं नसेल तर धूळ तशीच राहू द्या. रंगावर नुसत्या बसलेल्या धुळीने नुकसान होत नाही, ती कोरड्या फडक्याने घासली की होतं.